तुमचे प्रश्न : सक्सेस रेट जास्त म्हणजे इलाज चांगला, असंच ना?

या वेळी आलेल्या पत्रांत आकड्यांवरचे प्रश्न बरेच आहेत, कुणी हॉस्पिटलचे टक्के विचारलेत, कुणी मृत्युदर, कुणी अ‍ॅडमिशन, कुणी क्लासची जाहिरात. विषय वेगवेगळे दिसत असले तरी गाठ एकाच जागी आहे म्हणून सगळे एकत्र घेतलेत. पहिलं उत्तर लांबलंय पण ते नीट वाचलंत तर पुढची पटापट कळतील.

प्रश्न : ताई, वडलांना मुतखडा आहे, सोनोग्राफीत मोठा आलाय. दोन ठिकाणी दाखवलं. एका डॉक्टरांनी सांगितलं की त्यांचे ९०% च्या वर पेशंट एका ऑपरेशनमधे मोकळे होतात. दुसऱ्या सरांनी स्वतःचा आकडा त्याच्यापेक्षा बराच कमी सांगितला. घरात सगळे म्हणतायत जास्त टक्के आहेत तिथेच जाऊ, सरळ हिशोब आहे. मला मात्र दुसरे सर जास्त अनुभवी वाटले. नुसत्या टक्क्यांवर ठरवावं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही, नुसत्या टक्क्यांवर ठरवू नका. घरच्यांचा हिशोब सरळ वाटतो पण त्यात एक गोष्ट धरलेलीच नाहीये, ती म्हणजे त्या दोन डॉक्टरांकडे येणारे पेशंट एकसारखे आहेत का. आणि यावरचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण नेमकं मुतखड्याचंच आहे, म्हणून तेच पूर्ण आकड्यांसकट सांगते. कागद पेन घेऊन बसा, कारण स्वतः भागाकार केल्याशिवाय हे पटत नाही.

१९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे मुतखड्यावरच्या उपचारांची तुलना छापून आली. त्यातल्या दोन पद्धती घेऊ. एक जुनी ओपन सर्जरी, म्हणजे चीर देऊन किडनीपर्यंत जायचं आणि खडा काढायचा. दुसरी तेव्हा नवीन होती, पाठीतून लहानसं भोक पाडून त्यातनं दुर्बीण घालायची आणि खडा काढायचा, आपल्याकडे डॉक्टर तिला पीसीएनएल म्हणतात. दोन्हीचे ३५०-३५० पेशंट. ओपनवाल्या ३५० पैकी २७३ जणांचा इलाज यशस्वी, म्हणजे ७८%. पीसीएनएलवाल्या ३५० पैकी २८९ जणांचा, म्हणजे जवळपास ८३%. तुमच्या घरच्यांच्या हिशोबाने विषय इथेच संपला, नवीन पद्धत चांगली.

आता तेच ७०० पेशंट खड्याच्या साइझप्रमाणे वेगळे करा, २ सेंटिमीटरच्या आतले एका बाजूला आणि त्याहून मोठे दुसऱ्या बाजूला. छोट्या खड्यांत ओपनचे ८७ पैकी ८१ यशस्वी, ९३%, आणि पीसीएनएलचे २७० पैकी २३४, ८७%. म्हणजे इथे ओपन पुढे. मग मोठ्या खड्यांत पीसीएनएल पुढे असणार, नाहीतर एकूणात ती वर येईलच कशी? पण नाही, मोठ्या खड्यांत ओपनचे २६३ पैकी १९२, ७३%, आणि पीसीएनएलचे ८० पैकी ५५, ६९%. खडा छोटा असो की मोठा, ओपनच पुढे, आणि दोन्ही गट एकत्र केले की ओपन मागे! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं बेरजेत काहीतरी गडबड आहे. करून बघा, ८१ आणि १९२ मिळून २७३ च होतात, २३४ आणि ५५ मिळून २८९ च. गडबड कुठेही नाही.

कारण शोधायचं तर टक्के बाजूला ठेवा आणि फक्त किती पेशंट कुठे गेले ते बघा. ओपनच्या ३५० मधे २६३ मोठे खडेवाले होते, आणि पीसीएनएलच्या ३५० मधे २७० छोटे खडेवाले. छोटा खडा काढणं मुळातच सोपं, कुठल्याही पद्धतीने यश जास्त मिळतं. म्हणजे एका पद्धतीच्या वाट्याला अवघड केसेस आल्या आणि दुसरीच्या वाट्याला सोप्या, आणि एकूण टक्केवारीत आपण मोजतोय असं वाटतं पद्धतीला, पण त्यात मिसळून मोजला गेला खड्याचा साइझ. खड्याचा साइझ इथे दोन्हीकडे हात घालून बसलाय, कुठली पद्धत निवडली जाईल हेही त्याच्यावर ठरतंय आणि पेशंट बरा होईल का हेही. असा घटक दिसला की एकूण आकड्यावरचा विश्वास तिथेच थांबवायचा.

मग खरी तुलना कशी करायची? असं धरा की दोन्ही पद्धतींना सारखेच पेशंट मिळाले असते, सगळ्या ७०० जणांमधे होते तसे, म्हणजे ३५७ छोटे खडे आणि ३४३ मोठे. ओपनचे ९३% आणि ७३% या मिश्रणाला लावले तर एकूण यश येतं ८३%. पीसीएनएलचे ८७% आणि ६९% लावले तर येतं ७८%. आकडे तेच ८३ आणि ७८, फक्त मालक बदलले! मला स्वतःला हे उदाहरण एवढ्यासाठी फार आवडतं, कारण इतकी स्वच्छ अदलाबदल क्वचित बघायला मिळते.

आता हे वाचून वडलांसाठी ओपन सर्जरी मागायला जाऊ नका हां. ते आकडे ४० वर्षांपूर्वीचे आहेत, पीसीएनएल तेव्हा नवीन होती, डॉक्टरांचा हातही बसायचा होता, आज साधनं आणि अनुभव दोन्ही कितीतरी पुढे गेलेत आणि ओपनची वेळ आता क्वचितच येते. मी उदाहरण दिलं ते आकडा वाचायच्या पद्धतीसाठी. तुमच्या बाबतीत शक्यता अशी आहे की ज्या सरांनी कमी टक्के सांगितले त्यांच्याकडे आजूबाजूच्या डॉक्टरांनी पाठवलेले अवघड पेशंट येत असतील, किडनीच्या आत फांद्या फुटल्यासारखे पसरलेले खडे, एकच किडनी असलेले लोक, आधी एकदा ऑपरेशन होऊन परत खडा झालेले. असेलच असं मी म्हणत नाही, कदाचित पहिले डॉक्टर खरंच जास्त चांगले असतील. पण हे विचारल्याशिवाय कळणार नाही, म्हणून दोन्हीकडे जाऊन विचारा की सर, माझ्या वडलांच्या खड्याएवढा खडा, त्याच जागी, साधारण याच वयाचे आणि शुगर बीपी असेल तर तसेच पेशंट तुम्ही किती केलेत आणि त्यातले किती पहिल्या वेळी मोकळे झाले. आणि मोकळे म्हणजे काय धरता तेही विचारा, कारण एकजण बारीक तुकडे राहिले तरी यशस्वी धरत असेल आणि दुसरा पूर्ण साफ झाल्याशिवाय धरत नसेल, मग ते दोन आकडे शेजारी ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

प्रत्येक गटात एक पुढे आणि गट एकत्र केले की तोच मागे, या प्रकाराला सिम्प्सन्स पॅराडॉक्स म्हणतात. एडवर्ड सिम्प्सन हे ब्रिटिश गणिती, दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला शत्रूचे गुप्त संदेश फोडायच्या कामावर होते, त्यांनी १९५१ मधे यावर पेपर लिहिला. पण हे त्यांच्या आधी कार्ल पिअरसन आणि १९०३ मधे युल या संख्याशास्त्रज्ञांच्या लक्षात आलेलं होतं, नाव मात्र सिम्प्सनचं चिकटलं आणि तेही १९७२ मधे दुसऱ्याच एका संशोधकाने दिलं.

प्रश्न १ : व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की इंग्लंडमधे बायकांचा २० वर्षांचा अभ्यास झाला आणि त्यात सिगारेट ओढणाऱ्या कमी मेल्या, न ओढणाऱ्या जास्त. आमचे काका हे सगळ्यांना दाखवत सुटलेत. खोटं आहे ना हे? (एक वाचक, अहिल्यानगर)

प्रश्न २ : केरळचा मृत्युदर बिहारपेक्षा जास्त आहे हे सरकारी आकड्यांतच आहे. मग आरोग्यात केरळ पुढे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोघांचं उत्तर एकत्र देते कारण दोन्हीकडे लपून बसलेली गोष्ट एकच आहे, वय.

काकांचा आकडा खोटा नाहीये, आणि म्हणूनच तो जास्त धोकादायक आहे. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम भागात १९७२ ते ७४ मधे लोकांची पाहणी झाली होती आणि २० वर्षांनी त्यातलं कोण हयात आहे ते बघितलं. १३१४ बायकांची नोंद घेतली तर सिगारेट ओढणाऱ्या ५८२ पैकी १३९ वारल्या होत्या, २४%, आणि न ओढणाऱ्या ७३२ पैकी २३०, ३१%. काकांचा फॉरवर्ड इथे थांबतो. पण पाहणी सुरू झाली तेव्हा ६५ च्या पुढच्या बायका बघा किती होत्या, ओढणाऱ्यांत फक्त ४९ आणि न ओढणाऱ्यांत १९३. त्या पिढीतल्या म्हाताऱ्या बायकांमधे सिगारेटचं प्रमाण कमी होतं, तरुण बायकांत जास्त. ६५ ची बाई पुढच्या २० वर्षांत जाण्याची शक्यता ३० च्या बाईपेक्षा जास्त असणारच, तिने सिगारेटला हात लावला नसला तरी. एकाच वयाच्या बायका समोरासमोर ठेवा, ५५ ते ६४ चा गट घ्या, ओढणाऱ्या ११५ पैकी ५१ गेल्या म्हणजे ४४%, न ओढणाऱ्या १२१ पैकी ४० म्हणजे ३३%. काकांना हा गट दाखवा, आणि जमलं तर सिगारेट सोडायलाही सांगा.

केरळचंही तेच. एसआरएस म्हणून जी सरकारी नमुना नोंदणी आहे तिच्यात २०२० साठी दर हजारी मृत्यू केरळमधे ७.०, बिहारमधे ५.४ आणि देशात ६.० असे आहेत, म्हणजे तुम्ही म्हणता ते खरंय. पण हा नुसता ढोबळ दर आहे, लोकसंख्येत म्हातारे किती याचा त्यात विचार नाही. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं केरळमधे १२.६% होती आणि बिहारमधे ७.४%. बिहारमधे लहान मुलं आणि तरुण जास्त, केरळमधे म्हातारी माणसं जास्त, आणि ती जास्त का तर लोक तिथे जास्त जगतात आणि मुलं कमी होतात. त्याच २०२० च्या नोंदणीत हजार जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावलेली बाळं केरळमधे ६ आणि बिहारमधे २७. सरासरी आयुर्मान केरळचं ७५ आणि बिहारचं सत्तरीच्या आत. म्हणजे चांगल्या आरोग्यामुळेच ज्या राज्यात म्हातारी माणसं साठत गेली त्याच राज्याला ढोबळ मृत्युदर नापास करतो. दोन राज्यांची किंवा दोन देशांची तुलना करताना वयाप्रमाणे दुरुस्त केलेला दर आहे का ते बघायचं, नसेल तर ती तुलना सोडून द्यायची.

आपल्याच घरचं बघायचं तर रत्नागिरी जिल्हा. २०११ च्या जनगणनेत तिथे हजार पुरुषांमागे ११२२ बायका, आणि मुंबई उपनगरात ८६०. रत्नागिरीत मुली जास्त जन्मतात असा अर्थ कुणी काढला तर तो चुकीचा, कारण चाकरमानी कामासाठी मुंबईत आणि मोजले गेले मुंबईत, घरी राहिलेल्या बायका मोजल्या गेल्या गावात. मुलींच्या जन्माबद्दल बोलायचं असेल तर सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचं प्रमाण वेगळं दिलेलं असतं, ते बघावं लागतं.

प्रश्न : मुलगी एमएससाठी अमेरिकेत अर्ज करतेय. नातेवाइकांपैकी एकजण म्हणाले की बर्कले युनिव्हर्सिटीवर मुलींना डावलल्याची कोर्ट केस झाली होती, आणि दुसरे म्हणाले की उलट डावललं नाही हेच सिद्ध झालं. खरं काय? (एक आई, नागपूर)

उत्तर : कोर्ट केसची गोष्ट खूप ठिकाणी लिहिलेली सापडते पण तशी केस झालेली नव्हती, केस होईल अशी भीती युनिव्हर्सिटीच्या एका डीनना वाटली आणि त्यांनी संख्याशास्त्राच्या लोकांना आकडे तपासायला सांगितले. त्याचा पेपर १९७५ मधे सायन्स या नियतकालिकात आला. आकडे १९७३ च्या प्रवेशांचे. ८४४२ मुलांनी अर्ज केले, ४४% ना प्रवेश मिळाला. ४३२१ मुलींनी केले, ३५% ना मिळाला. ९ टक्क्यांचा फरक, आणि एवढ्या मोठ्या संख्येत तो योगायोगाने पडणं अशक्यच.

मग डिपार्टमेंटवार बघितलं, कारण प्रवेश युनिव्हर्सिटी देत नाही, प्रत्येक डिपार्टमेंट आपापलं देतं. तर उलटच चित्र. सगळ्यात मोठी सहा डिपार्टमेंट नाव न सांगता ए ते एफ अशी दिली जातात. ए मधे ८२५ मुलांनी अर्ज केले, ६२% ना प्रवेश, आणि मुली फक्त १०८ पण त्यातल्या ८२% ना प्रवेश. एफ मधे मुलं ३७३ आणि मुली ३४१, प्रवेश मुलांना ६% आणि मुलींना ७%. सी मधे मुलं थोडी पुढे होती, ३७ आणि ३४, म्हणजे सगळीकडे मुलींच्याच बाजूने होतं असंही नाही. पण मुद्दा काय तर जिथे प्रवेश सहज मिळत होता तिथे मुलींनी अर्जच थोडे केले, आणि जिथे जागांच्या मानाने अर्जांची झुंबड होती तिथे मुलींचे अर्ज जास्त. सगळं एकत्र केलं की ३५% दिसले.

म्हणजे दुसरे नातेवाईक बरोबर? इथेच लोक घाई करतात. प्रवेश समित्यांनी समोर आलेल्या मुलींना मुली म्हणून नाकारलं का, या प्रश्नाचं उत्तर डिपार्टमेंटवार आकडे देतात, आणि ते उत्तर एकंदरीत नाही असं आहे. पण मुली त्या सोप्या डिपार्टमेंटकडे गेल्याच का नाहीत हा प्रश्न शिल्लक राहतोच. पेपर लिहिणाऱ्यांनी स्वतःच म्हटलंय की याची मुळं आधीच्या शिक्षणात आणि समाजात आहेत, मुलींना लहानपणापासून काही विषयांकडे वळवलं जातं, ज्या विषयांना गणित जास्त लागतं तिथे त्या कमी पोचतात. मुतखड्यात आणि इथे हा मोठा फरक आहे. खड्याचा साइझ इलाजाच्या आधीच ठरलेला असतो, इलाजामुळे तो बदललेला नसतो, म्हणून साइझप्रमाणे गट पाडणं बिनशर्त योग्य. पण डिपार्टमेंटची निवड ही मुलगी असण्याचाच एक परिणाम असू शकते, ती वाटेत मधे येते. तिच्याप्रमाणे गट पाडले की मुलीला वाटेत जे सोसावं लागलं ते हिशोबातून गायब होतं. म्हणून ४४ आणि ३५ हा फरकही खरा आणि डिपार्टमेंटवार फरक नाही हेही खरं, फक्त ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि जो माणूस एक आकडा दाखवून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं म्हणतो त्याला तिथेच थांबवायला पाहिजे.

तुमच्या मुलीला एवढंच सांगेन की आवडतो तो विषय निवड, अवघड वाटतो म्हणून गणितवाला विषय सोडू नको, आणि युनिव्हर्सिटीचा एकूण प्रवेश दर न बघता त्या डिपार्टमेंटचा बघ.

प्रश्न : मग नियम असा समजायचा का, की एकूण आकडा नेहमी फसवा आणि जितके बारीक गट पाडू तितकं सत्य जास्त? (एक प्राध्यापक, कोल्हापूर)

उत्तर : नाही सर, आणि हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण अर्धवट शिकलेला माणूस नेमका इथे अडकतो.

हार्ट अटॅक आलेल्या लोकांना अ‍ॅस्पिरिन दिल्याने फायदा होतो का, यावरची आयसिस-२ नावाची मोठी चाचणी १९८८ मधे लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधे छापून आली, १७,१८७ पेशंट. पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेले मृत्यू अ‍ॅस्पिरिन घेतलेल्यांत ९.४%, न घेतलेल्यांत ११.८%. स्पष्ट फायदा. पण जर्नलची मागणी अशी की वेगवेगळ्या गटांत फायदा किती ते दाखवा. संशोधकांना माहीत होतं की एवढे गट पाडले की कुठेतरी नुसत्या योगायोगाने विचित्र काहीतरी निघणारच, म्हणून त्यांनी गट दिले पण सोबत राशीप्रमाणे पण गट पाडून दाखवले, जन्मतारखेवरून ठरणाऱ्या पाश्चात्त्य राशी, आपली चंद्ररास नाही. आणि निघालं काय, मिथुन आणि तुळेच्या पेशंटना अ‍ॅस्पिरिनने किंचित तोटाच, बाकी राशींना भरघोस फायदा! कुठलाही डॉक्टर हे वाचून मिथुनवाल्याचं अ‍ॅस्पिरिन बंद करणार नाही. पण तिथे राशीच्या जागी रक्तगट किंवा वजन असतं तर किती जणांनी विश्वास ठेवला असता याचा विचार करा.

म्हणजे गट पाडायला कारण लागतं, आणि ते कारण आकड्यांच्या आत सापडत नाही, विषयाच्या माहितीतून येतं. अजून एक उदाहरण घ्या, बीपीची गोळी आणि पॅरालिसिसचा झटका. गोळी बीपी उतरवते आणि बीपी उतरलं म्हणून झटके कमी होतात. आता कुणी हुशारी करून गोळी घेतल्यानंतरच्या बीपीप्रमाणे गट पाडले, बीपी कमी झालेले इकडे आणि जास्त राहिलेले तिकडे, तर प्रत्येक गटात गोळीचा फायदा जवळपास नाहीसा दिसेल, कारण ज्या वाटेने फायदा होत होता तीच वाट त्याने बंद करून टाकली. इथे एकूण आकडाच बरोबर आणि गटांचा आकडा फसवा. गणित दोन्हीकडे तेच, कोष्टकात अगदी तेच आकडे लिहिलेले असू शकतात, तरी एकीकडे गट पाडायचे आणि दुसरीकडे नाही. आधी कोण नंतर कोण, कशामुळे काय झालं, हे माहीत असल्याशिवाय कॉम्प्युटरसुद्धा सांगू शकत नाही की कुठला आकडा वाचायचा. विद्यार्थ्यांना हे पहिल्या तासाला सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण सॉफ्टवेअर हातात आल्यापासून पोरं बटण आधी दाबतात आणि विचार नंतर.

आणि जे घटक आपल्याला माहीतच नाहीत त्यांचं काय? त्यांचे गट पाडता येत नाहीत. म्हणून औषधाच्या चाचणीत कुणाला औषध आणि कुणाला नाही हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतात. संख्या मोठी असली की म्हातारे-तरुण, मोठा खडा-छोटा खडा, आणि ज्याचं नावही अजून कुणाला माहीत नाही ते सगळं दोन्ही बाजूंना साधारण सारखं वाटलं जातं. मुतखड्याच्या त्या अभ्यासात हे झालेलं नव्हतं, आयसिस-२ मधे झालं होतं, आणि म्हणूनच तिथला एकूण आकडा इतका भक्कम.

प्रश्न : जिल्ह्याजिल्ह्यांचे आकडे बघून तिथल्या माणसांबद्दल बोलता येतं का? पेपरात रोज असतं, ज्या जिल्ह्यात हे जास्त तिथे ते पण जास्त. (एक वाचक, लातूर)

उत्तर : जिल्ह्याबद्दल बोलता येतं, माणसाबद्दल नाही. १९५० मधे रॉबिन्सन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवर हे दाखवून दिलं. ४८ राज्यांचे आकडे घेतले तर ज्या राज्यात परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे निरक्षरता कमी, सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींबरोबर वाढतात की उलट जातात ते सांगणारा उणे १ ते अधिक १ मधला आकडा) उणे ०.५३. वाटेल की बाहेरून आलेले लोक जास्त शिकलेले. पण एकेका माणसाचा हिशोब घेतला तर सहसंबंध अधिक ०.१२, म्हणजे बाहेरून आलेल्यांतच निरक्षर थोडे जास्त होते. ते स्थायिक झाले होते अशा राज्यांत जिथले मूळ लोक चांगले शिकलेले होते, बस. पेपरातलं वाक्य वाचताना एवढं बघा की आकडा जिल्ह्याचा आहे आणि निष्कर्ष माणसाचा काढलाय का.

प्रश्न : दहावीच्या एका क्लासची जाहिरात आहे, आमच्या ९५% मुलांना ८५ च्या वर मार्क. दुसऱ्या क्लासचा निकाल एवढा नाही. मुलाला नववीत ६२% आहेत. पहिल्याच क्लासला घालू ना? (एक वडील, सोलापूर)

उत्तर : आधी विचारा की प्रवेश देताना परीक्षा घेता का किंवा नववीचे मार्क बघता का. घेत असतील तर ८५ मिळवणारी पोरं त्यांनी आत घेतानाच निवडलेली आहेत, त्यातलं क्लासने किती शिकवलं आणि पोरांनी येतानाच किती आणलं हे त्या ९५% वरून कळणार नाही. मग विचारा की जूनमधे किती मुलं होती आणि हा टक्का किती मुलांवर काढलाय, कारण मधेच सोडून गेलेली आणि सहामाहीनंतर दुसऱ्या बॅचला ढकललेली पोरं बऱ्याचदा हिशोबात धरलेलीच नसतात. आणि शेवटी दोन्ही क्लासना एकच गोष्ट मागा, नववीत ५५ ते ७० च्या मधे असलेली मागच्या वर्षीची सगळी मुलं आणि त्यांचे दहावीचे मार्क. नावं नकोत, नुसते आकडे द्या म्हणावं. दुसऱ्या क्लासने एकूण निकाल कमी असूनही ६० वाल्यांना ७५-७८ पर्यंत नेलेलं असेल आणि पहिल्याकडे असली मुलं दोन-चारच असतील, तर मुलाला कुठे घालायचं ते त्या यादीवरूनच ठरवा.